गर्भातल्या बाळाच्या अरुंद झडपेतला वेग कमी झाला, ही चांगली बातमी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एकविसाव्या आठवड्याच्या ॲनोमली स्कॅनमध्ये बाळाच्या महाधमनीची झडप अरुंद दिसली आणि तिच्यातून जाणाऱ्या रक्ताचा वेग सेकंदाला २.८ मीटर भरला. पंचविसाव्या आठवड्यात तोच वेग १.९ आला. ठोके १४४, वजन आठवड्याला साजेसं, आणि रिपोर्टच्या तळाशी ‘डाव्या कप्प्याचं काम किंचित कमी’ अशी एक ओळ. घरच्यांना हायसं वाटलं. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करणाऱ्या डॉक्टर मात्र फार बोलल्या नाहीत, दोन आठवड्यांनी परत या म्हणाल्या. आता तुम्ही विचारताय की झडप आपोआप मोकळी होतेय ना, आणि ठोके नीट असताना एवढ्या लवकर का बोलावलं?

मी लहान मुलांची हृदयरोगतज्ज्ञ आहे आणि गेली १७ वर्षं फीटल इको, म्हणजे गर्भातल्या बाळाच्या हृदयाचा इको, करतेय. तुमच्या बाळाचा इको मी पाहिलेला नाही, त्यामुळे त्याचं काय होणार हे मी सांगू शकत नाही. पण आकडा उतरला म्हणजे झडप मोकळी झाली, असं धरून चालू नका. गर्भात अशी अरुंद झडप आपणहून मोकळी झाल्याचं मी तरी अजून पाहिलेलं नाही.

पिचकारीचं उदाहरण घ्या. धार किती लांब जाते हे भोक किती बारीक आहे यावर ठरतं, तसंच मागून दांडा किती जोरात दाबला जातोय यावरही. भोक तेवढंच राहिलं आणि हात दमला, तर धार जवळच पडते. झडपेतला वेग ही धार आहे, आणि डाव्या खालच्या कप्प्याचा स्नायू हा हात. या कप्प्याला आम्ही एलव्ही म्हणतो, पुढे मी नुसतं ‘डावा कप्पा’ म्हणेन. वेगावरून दाबातला फरक काढायचं सूत्रही सोपं आहे: वेगाचा वर्ग गुणिले ४. म्हणजे २.८ ला साधारण ३१ मिलिमीटर पारा आणि १.९ ला साधारण १४. या वयात निरोगी झडपेतला वेग सेकंदाला १ मीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो, म्हणजे १.९ हा आकडाही नॉर्मल नाहीच. चार आठवड्यांत दाबातला फरक निम्म्याहून कमी झाला हे खरं, पण का झाला हे या एका आकड्यात लिहिलेलं नसतं.

माझ्या डोक्यात अशा वेळी तीन शक्यता येतात. पहिली अगदी साधी, मोजण्यातली. डॉप्लरची, म्हणजे सोनोग्राफीतच रक्ताचा वेग आणि दिशा मोजणाऱ्या तंत्राची, रेघ रक्ताच्या धारेला समांतर पडली नाही तर वेग खोटा कमी येतो. बाळ पाठ करून झोपलं असेल, मध्ये बरगड्यांची सावली येत असेल, तर हे कुणाच्याही हातून होतं. मी अशा वेळी आईला कुशीवर वळवते, थोडं चालून यायला सांगते आणि अर्ध्या तासाने परत बघते. दुसरी शक्यता, स्नायू दमतोय. तिसरी दुसरीच्या हातात हात घालून येते: डाव्या कप्प्यात रक्तच कमी शिरतंय, त्यामुळे झडपेतून जायलाही कमी उरतंय. यातली कुठली हे ठरवण्यासाठी बाकीचं हृदय बघावं लागतं, आणि तुम्हाला दोन आठवड्यांनी बोलावलं ते बहुधा त्यासाठीच.

आता ठोक्यांबद्दल. जन्मानंतर हृदयाचे खालचे दोन्ही कप्पे एकामागोमाग काम करतात: उजवा फुप्फुसांना रक्त देतो, तेच रक्त फिरून डाव्याकडे येतं आणि डावा ते शरीराला देतो. एक अडला की दुसराही अडतो. गर्भात तसं नाही. ऑक्सिजन वारेतून येतो, फुप्फुसांकडे थोडंच रक्त जातं आणि दोन्ही कप्पे शेजारी शेजारी बसून एकच काम वाटून घेतात. त्यातही उजव्या कप्प्याचा वाटा निम्म्याहून जास्त. मध्ये दोन वाटा उघड्या असतात. वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात एक खिडकी असते आणि फुप्फुसाच्या धमनीपासून महाधमनीला जोडणारी एक नळी असते, तिला डक्टस म्हणतात. डावा कप्पा मागे पडला की उजवा मुकाट्याने त्याचंही ओझं उचलतो. बाळाचं वजन वाढत राहतं, ते हातपाय हलवतं, ठोके १४४ पडत राहतात. म्हणून चांगल्या ठोक्यांवरून बाळ आज सुखरूप आहे एवढंच कळतं. डावा कप्पा कुठल्या दिशेने चाललाय हे त्यातून कळत नाही. या दोन गोष्टींची गल्लत आईवडिलांचीच होते असं नाही, रिपोर्ट लिहिणाऱ्यांचीही होते.

रिपोर्टवरच्या ‘किंचित कमी’ या शब्दांबद्दल माझं मत जरा कडक आहे. मोठ्या माणसाच्या इकोतली इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे दर ठोक्याला कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर पडतं तो आकडा, सगळ्यांच्या ओळखीची झालीय, त्यामुळे गर्भातही तसाच एक टक्का सगळ्यांना हवा असतो. पण इथे कप्पा केवढा? पंचविसाव्या आठवड्याच्या आसपास तो आडवा साधारण १० मिलिमीटर असतो. आकुंचन पावल्यावर ७ मिलिमीटर झाला, तर आखडण्याचं प्रमाण ३० टक्के येतं, म्हणजे नॉर्मल. माझा कर्सर अर्धा मिलिमीटर आत सरकला तर तेच ३५ होतं, बाहेर सरकला तर २५. अर्धा मिलिमीटर म्हणजे पडद्यावर काही ठिपक्यांचा फरक. मी हे मोजत नाही असं नाही. चार ठोक्यांवर मोजून सरासरी घेते, पण निर्णय त्यावर सोडत नाही.

दुसरी अडचण अशी की अडथळ्याशी झुंजणारा स्नायू सुरुवातीला जाड होतो आणि जोमाने आखडतो. त्या टप्प्यावर टक्का उत्तम येतो, कधी नेहमीपेक्षा जास्तही येतो. गर्भाच्या हृदयात राखीव ताकद मात्र कमी असते. जास्त रक्त भरलं की जास्त जोर लावायचा ही मोठ्यांच्या हृदयाची युक्ती त्याला फारशी जमत नाही, आणि रक्त बाहेर ढकलताना समोर वाढलेला दाब तर त्याला अजिबात सोसत नाही. त्यामुळे झुंज सुटायला लागली की घसरण काही आठवड्यांत होऊ शकते. कप्पा ताणला जातो, गोल होतो, भिंती हलेनाशा होतात.

मग मी काय बघते? सगळ्यात आधी रक्त कुठून कुठे चाललंय ते.

वरच्या कप्प्यांमधल्या खिडकीतून गर्भात रक्त उजवीकडून डावीकडे जायला हवं. डावा कप्पा कडक झाला, त्यात रक्त मावेना, की ते खिडकीतून उलटं उजवीकडे येतं. नंतर मायट्रल झडप, म्हणजे डाव्या कप्प्याचं आत येण्याचं दार. तिच्यातून रक्त दोन टप्प्यांत आत येतं, डॉप्लरवर दोन शिखरं दिसतात: पहिलं कप्पा सैल पडताना, दुसरं वरचा कप्पा आखडताना. कप्प्याची सैल पडायची क्षमता गेली की दोन्हींचं मिळून एकच शिखर उरतं. आखडण्याइतकंच सैल पडणंही स्नायूचं कामच असतं, आणि या बाळांमध्ये ते बऱ्याचदा आधी बिघडतं.

आणि महाधमनीची कमान. हे चित्र मला स्वतःला आयुष्यभर पुरेल इतकं स्पष्ट आठवतं. शिकत असताना मी अशाच एका बाळाच्या रिपोर्टवर ‘वेग कमी, सुधारणा’ असं लिहिलं होतं. माझ्या वरिष्ठांनी काही न बोलता प्रोब, म्हणजे सोनोग्राफीचं पोटावर फिरवायचं यंत्र, हातात घेतला आणि बाळाच्या छातीच्या वरच्या भागावर नेला. तिथे महाधमनीची कमान आणि डक्टस मिळून इंग्रजी व्हीचा आकार होतो. रंगीत डॉप्लरवर व्हीच्या दोन्ही बाजू एकाच रंगाच्या दिसायला हव्यात, कारण दोन्हींत रक्त एकाच दिशेने धावतं. त्या बाळाची एक बाजू निळी होती आणि एक लाल. डाव्या कप्प्याकडून पुरेसं रक्त वर येतच नव्हतं, म्हणून डक्टसचं रक्त कमानीत उलटं शिरून मेंदूला आणि हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांना पुरवठा करत होतं. ‘आता वाच तुझा रिपोर्ट,’ एवढंच त्या म्हणाल्या. तेव्हापासून कमानीचा रंग बघितल्याशिवाय झडपेच्या वेगाबद्दल मी एक शब्दही लिहित नाही.

उलटी खिडकी, मायट्रलचं एकच शिखर, उलटी कमान आणि डाव्या कप्प्याचं बऱ्यापैकी घटलेलं काम, ही लक्षणं तिसाव्या आठवड्याच्या आत दिसली तर जन्मापर्यंत तो कप्पा खुरटण्याची शक्यता मोठी असते, हे अमेरिकेतल्या बॉस्टनच्या डॉक्टरांच्या गटाने २००६ मध्ये मांडलं. आज बहुतेक केंद्रं याच चष्म्यातून बघतात. तुमच्या रिपोर्टमध्ये यांपैकी एकाही गोष्टीचा उल्लेख तुम्ही केलेला नाही. कदाचित रिपोर्टमध्ये असेल आणि तुम्हाला महत्त्वाचा वाटला नसेल, तेव्हा पुन्हा एकदा वाचा.

याशिवाय दोन गोष्टी. कप्प्याच्या आतल्या भिंतीवर चुना फासल्यासारखी पांढरी चमक दिसते का? तो आतल्या अस्तराचा चिवट, तंतुमय थर असतो, आणि तो जितका पसरलेला तितका स्नायू बांधला गेलेला. दुसरं, मायट्रल झडप गळते का. ऐकायला विचित्र वाटेल, पण या गळतीचा जोरदार फवारा मला थोडा धीर देतो. गळती सेकंदाला ४ मीटर वेगाने होत असेल, तर त्याच सूत्राने दाबातला फरक ६४ मिलिमीटर पारा निघतो. म्हणजे हा स्नायू अजून एवढा दाब निर्माण करतोय, त्यात जीव आहे. महाधमनीतला वेगही कमी आणि गळतीचा वेगही कमी, हे चित्र मला जास्त काळजीचं वाटतं. गळती फार मोठी असेल आणि मधली खिडकी अरुंद असेल तर गोष्ट वेगळी: वरचा डावा कप्पा फुगतो, आणि बाळाच्या पोटात, छातीत, कातडीखाली पाणी साचू लागतं. मग डाव्या कप्प्याच्या भवितव्याचा प्रश्न मागे पडतो आणि बाळ जगण्याचा पुढे येतो.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचं मूळ रूप असं: १.९ हा आकडा दमलेल्या हाताचा आहे, वळलेल्या रक्ताचा आहे, की चुकलेल्या कोनाचा? खिडकी, मायट्रल आणि कमान या तिन्ही ठिकाणी रक्त नीट दिशेने जात असेल, तर मी आधी कोनावर संशय घेईन आणि तुम्हालाही निवांत झोपायला सांगेन. दिशा उलटल्या असतील तर आठवडे मोजायला लागेन.

आठवडे का, तर कप्पा वाढतो तो त्यातून वाहणाऱ्या रक्तामुळे. रक्त दुसऱ्या वाटेने गेलं की वाढ थांबते. आज ताणून मोठा दिसणारा कप्पा मिलिमीटरमध्ये तेवढाच राहतो, बाळ वाढतं, आणि नववा महिना येईपर्यंत तोच कप्पा बाळाच्या मानाने लहान ठरतो. म्हणून नुसते मिलिमीटर विचारू नका, झेड स्कोर विचारा. त्याच आठवड्याच्या इतर बाळांच्या सरासरीपासून हे माप किती दूर आहे, ते तो सांगतो. शून्य म्हणजे बरोबर सरासरी, उणे २ च्या खाली म्हणजे लहान. एका स्कोरपेक्षा तीन स्कॅनमधली त्याची चाल जास्त बोलकी असते.

गर्भातच फुगा घालून झडप उघडतात असं तुम्ही वाचलंय. हो, करतात. लंडनमधल्या डॉक्टरांनी असे पहिले प्रयत्न १९९१ मध्ये प्रसिद्ध केले. २००० पासून बॉस्टनला ते नियमितपणे होऊ लागले, नंतर ऑस्ट्रियातल्या लिंट्झसारख्या काही केंद्रांत. सोनोग्राफीत बघत आईच्या पोटातून, गर्भाशयातून आणि बाळाच्या छातीतून सुई थेट डाव्या कप्प्यात नेतात आणि तिच्यातून बारीक फुगा झडपेत फुगवतात. बाळाला आधी भूल आणि हालचाल थांबवणारं औषध टोचलेलं असतं. या वयात झडपेचं कडं जेमतेम ३ ते ४ मिलिमीटरचं असतं, यावरून कल्पना करा. ठोके एकदम मंदावणं, हृदयाभोवती रक्त साचणं आणि क्वचित बाळ दगावणं हे धोके खरे आहेत. बॉस्टनच्या पहिल्या १०० बाळांचा हिशेब २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला: ८८ जिवंत जन्मली, आणि त्यांपैकी ३८ जणांना पुढे दोन्ही कप्प्यांवर चालणारं रक्ताभिसरण मिळालं. हा आकडा अर्धा पेला आहे, ज्याने त्याने आपल्या नजरेने बघायचा. मी तो आईवडिलांसमोर जसाच्या तसा ठेवते. झडप उघडली म्हणजे कप्पा सावरलाच असं नसतं, आणि ज्यांचा कप्पा आधीच खुरटलाय किंवा ज्यांची झडप सौम्य अरुंद आहे, त्यांना हे करण्यात अर्थ नसतो. मधल्या थोड्या बाळांसाठीच हा उपाय आहे, आणि तोही साधारण २० ते ३० आठवड्यांच्या काळातच. तुमचा पंचविसावा चालू आहे. म्हणून दोन आठवड्यांचं बोलावणं दोनच आठवड्यांनी पाळा, चारावर ढकलू नका. शक्य असेल तर मधल्या काळातच अशा बाळांचा अनुभव असलेल्या फीटल कार्डिॲक केंद्राचं दुसरं मत घ्या. जाताना रिपोर्टसोबत इकोच्या व्हिडिओ क्लिपही न्या. नुसत्या कागदावर मत देता येत नाही, कमानीचा रंग कागदावर उमटत नाही.

जन्माची तयारी वेगळी करावी लागते. गर्भात वाचवणारी डक्टस जन्मानंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत मिटायला लागते. डावा कप्पा तोवर एकट्याने शरीर सांभाळू शकत नसेल, तर वरवर छान दिसणारं बाळ काही तासांत कोसळतं. हे आधी माहीत असलं की जन्मल्यावर लगेच प्रोस्टाग्लँडिनचं ड्रिप लावून डक्टस उघडी ठेवतात. या औषधाने काही बाळांचा श्वास मध्येच थांबतो, म्हणून व्हेंटिलेटर हाताशी हवा. मग झडपेत फुगा घालायचा, की एका कप्प्यावर चालणाऱ्या तीन टप्प्यांच्या शस्त्रक्रियांकडे जायचं, हे ठरतं. त्यांतली पहिली जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत होते, तिसरी साधारण दोन ते चार वर्षांच्या वयात. प्रसूती अशा ठिकाणी व्हावी जिथे लहान मुलांचं हृदयशस्त्रक्रिया पथक त्याच आवारात आहे. फक्त या कारणासाठी सिझेरियन लागतंच असं नाही. आणि ‘लवकर बाहेर काढू, मग उपचार करू’ या मोहात पडू नका. पूर्ण दिवसांचं, भरल्या वजनाचं बाळ या सगळ्याला कितीतरी बरं तोंड देतं. पाणी साचायला लागलं तर गणित बदलतं, ते तेव्हा बघतील.

एक खुलासा, कारण या धाग्यात खाली कुणीतरी ‘आमच्या बाळालाही झडप अरुंद होती, काही झालं नाही’ असं लिहिलंय. त्यांच्या बाळाची फुप्फुसाच्या धमनीची झडप होती. तिथे ताण उजव्या कप्प्यावर येतो, आणि जन्मानंतर फुग्याने ती झडप सहसा चांगली उघडते. दोन्हींची तुलना करू नका.

आईने करायच्या गोष्टी फार थोड्या आहेत. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात घ्यायच्या नाहीत. त्या डक्टस आकसवू शकतात, आणि तुमच्या बाळाची कदाचित सगळी भिस्त त्या नळीवरच असेल. अंथरुणाला खिळून राहिल्याने झडपेत काही फरक पडत नाही, तेव्हा त्यांना चालूफिरू द्या. गुणसूत्रांच्या तपासणीबद्दल विचारलं असेल तर ती टाळू नका, टर्नर सिंड्रोमसारख्या (मुलींमध्ये एक एक्स गुणसूत्र नसणं किंवा अपुरं असणं) काही गोष्टींत डाव्या बाजूच्या हृदयाचे दोष जास्त दिसतात. आणि तुम्ही दोघांनी स्वतःचा एकदा साधा इको करून घ्या. महाधमनीच्या झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या असणं कुटुंबात चालत येतं, आणि कित्येकांना आपल्याला ते आहे हे माहीतच नसतं. पहिल्या तिमाहीत काय खाल्लं, कुठे प्रवास केला, याचा हिशेब तुमच्या पत्नी मनात मांडत असतील तर त्यांना सांगा की त्याचा या झडपेशी संबंध नाही.

पुढच्या इकोनंतर हवं तर इथेच लिहा. वेग लिहाच, पण त्याच्या शेजारी खिडकीची दिशा, मायट्रलची शिखरं किती, कमानीत रक्त कुठल्या बाजूने, मायट्रल गळतीचा वेग आणि डाव्या कप्प्याच्या लांबीचा झेड स्कोर, हेही आठवड्यासकट लिहा. रिपोर्टमध्ये नसेल तर टेबलावर असतानाच विचारा. प्रोब हातात असताना बघून सांगायला मिनिटभर पुरतं.